नाकापर्यंत की कपाळापर्यंत

हिला पुढचं-मागचं असं काही नाही. साधी स्की पुढून वळलेली आणि मागून जवळजवळ सपाट, त्यामुळे तिचं तोंड कुठलं याबद्दल शंका नसते. ही ट्विन टिप स्की मात्र दोन्ही टोकांनी वर उचललेली, आपल्याकडच्या मांडुळासारखी. कुठल्या बाजूनं निघेल, सांगता येत नाही. पाठमोरं घसरत जायचं, उडी मारून उलटंच उतरायचं, हे ‘स्विच’ प्रकरण तिच्या अंगातच आहे.

तिचं माहेर कॅनडातलं व्हिसलर म्हणायला हरकत नाही. माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर, जेएफ क्युसन आणि त्यांचे दोन-तीन दोस्त, सगळे उंचवट्यांवरून उतरण्याच्या मोगल स्पर्धांत मुरलेले आणि तिथल्या नियमांना विटलेले. स्नोबोर्डवाल्यांच्या कसरतींच्या पार्कात जाऊन ते उड्या मारू लागले. पण पायातल्या स्की जुन्याच, उलटं उतरलं की मागचं टोक बर्फात रुतायचं. शेवटी सॉलोमन कंपनीनं त्यांचं ऐकलं आणि 1998 च्या सुमारास ‘टेनएटी’ बाजारात आली. नावच 1080 अंशांचं, म्हणजे हवेत पुरत्या तीन गिरक्या. मागचं टोक वळवायची कल्पना त्याआधीही कुणाकुणाला सुचली होती, पण हिच्या वाट्याला जमाना बरोबर आला. ऑलिम्पिकनं मात्र हिचे स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे खेळ 2014 मध्ये, सोचीला, पदरात घेतले.

आता हिच्या उंचीबद्दल. अंगावर 164 किंवा 171 असा आकडा छापलेला असतो आणि तो खराच असतो. पण त्यातली दोन्ही टोकं हवेत. सपाट बर्फावर उभी केली तर प्रत्यक्ष टेकणारी कड बरीच कमी भरते. साध्या स्कीला मागच्या बाजूनं एवढी सूट नसते. त्यामुळे नवख्याला भाड्याच्या दुकानात सरसकट सांगतात तो ‘स्की हनुवटीपर्यंत यावी’ हा हिशेब हिला लावला, की हाती येते ती मापापेक्षा आखूड.

आखूड बहीण लाघवी असते, पहिल्या दिवशी तर फारच. जरा पाय वळवला की वळते, पार्कातल्या रुंद पेटीवर, म्हणजे बॉक्सवर, आडवी सरकवायला सोपी, गिरकीला हलकी. खरी ओळख पटते उडीनंतर. उतरताना भार किंचित मागे गेला की टेकायला शेपूटच नसते, आणि माणूस बसकण मारतो. पुढे झुकावं, तर तिथंही आधार तोकडा, कारण पार्कच्या स्कीवर बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायची पकड, मध्याच्या जवळ बसवलेलं असतं. थोडा वेग आला की ही थरथरायला लागते.

लांब बहीण कडक शिस्तीची. उडीकडे सरळ रेषेत नेते, उतरताना चुकलेला तोल बऱ्याचदा सावरून घेते. पण तिला हवेत फिरवायचं म्हणजे कष्ट. तेवढंच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर गेलं की फिरवायला चौपट जड होतं, आणि हिची टोकं तर लांबवर पसरलेली. रेलवर, म्हणजे पार्कातल्या घसरायच्या दांड्यावर, आडवं व्हायचं ठरवेपर्यंत रेल संपलेलं असतं.

मग घ्यायची कुठली? पार्कात नवीन असणाऱ्यानं नाक ते कपाळ यांच्या दरम्यानची घ्यावी, असं माझं मत. उंची 170 सेंटिमीटर आणि अंगानं मध्यम असेल, तर साधारण 158 ते 165. साध्या उतारावर पाय पक्के बसले असतील आणि पार्काबाहेरही भटकायचं असेल, तर डोक्याच्या जवळ जायला हरकत नाही. पण दुकानात सगळे उंची विचारतात आणि या बाईसाहेबांना उंची कळतच नाही. त्यांना कळतं वजन. सडपातळ ताडमाड मुलगा तिला वाकवू शकत नाही. बुटका पण भरीव माणूस तिला सहज दाबतो. तेव्हा वजन जास्त असेल तर एक माप वर, अंग हलकं असेल तर एक माप खाली.

मुलांच्या बाबतीत आपली जुनी खोड इथंही डोकं वर काढते: वाढत्या अंगाचं घ्या, दोन वर्षं चालेल. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात; हिला दुमडायची सोय नाही. त्यापेक्षा भाड्यानं घ्यावी आणि जमल्यास एकाच दिवशी दोन मापं पायात घालून त्याच छोट्या उडीवरून उतरून बघावं. मापं बहुधा सहा-सात सेंटिमीटरच्या टप्प्यांनी येतात, म्हणजे तुमचं नेमकं माप कंपनीनं बनवलेलंच नसण्याची शक्यता बरीच. दोहोंच्या मधे अडकलात आणि उड्यांचं वेड असेल तर लांब घ्या. दिवसभर बॉक्स-रेलवरच रमणार असाल तर आखूड.