मिरासदार आणि उपरी

जुन्या वस्तूंच्या बाजाराकडे पाहण्याची आम्हां सुशिक्षितांची दृष्टि मोठी चमत्कारिक आहे. आपल्या आजोबांचा पानाचा डबा दिवाणखान्यांत मांडून ठेवावयाचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानें दाखवावयाचा. पण दुसऱ्या कोणाच्या आजोबांचा तसलाच डबा बाजारांतून विकत आणला असला, तर त्याची हकीकत मात्र गुळमुळीत शब्दांत सांगावयाची! या शिष्टाचाराला आम्हां पुणेकरांत एकच सन्मान्य अपवाद आहे, आणि तो म्हणजे क्रमिक पुस्तकें. शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले, कीं अप्पा बळवंत चौकांत अर्ध्या किंमतीचीं पुस्तकें घेतांना कोणाचीहि मान खालीं जात नाहीं. उलट, मागच्या मालकानें समासांत केलेल्या खुणा आपल्याला आयत्या मिळाल्या याचा आनंदच वाटतो. आणि वर्ष संपल्यावर तेंच पुस्तक आणखी थोड्या कमी किंमतीला पुढच्या विद्यार्थ्याच्या हातीं देतांना आपण प्रकाशकाच्या तोंडचा घांस काढून घेत आहों, असा विचार स्वप्नांतहि कोणाच्या मनाला शिवत नाहीं.

माझ्या भाच्याच्या व्यवहारज्ञानाचा पाया याच चौकांत घातला गेला असावा. हा मुलगा व्हिडिओ गेमचा मोठा शौकीन. नवा मोठा खेळ चार-पांच हजार रुपयांना पडतो, आणि त्याचा हातखर्च तर बेताचा. तेव्हां त्यानें असा क्रम बसविला आहे, कीं एका खेळाची तबकडी विकत घ्यावयाची, महिना-दीड महिन्यांत खेळ पुरा करावयाचा, तबकडी नव्यासारखी आहे तोंच ती विकून टाकावयाची, आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून दुसरी घ्यावयाची. 'खेळ संपला' आणि 'खेळ विकला' हीं दोन वाक्यें त्याच्या तोंडून एका दमांत निघतात. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, बँकेंत होते. एकच भांडवल असें सारखें फिरतें ठेवण्याची ही हातोटी पाहून त्यांनीं नातवाची पाठ खासच थोपटली असती.

पण नव्या यंत्राचा प्रश्न निघाला, आणि घरांत दोन पक्ष पडले. 'प्लेस्टेशन ५' हें यंत्र २०२१ च्या फेब्रुवारींत भारतांत विक्रीला आलें तें दोन रूपांत. एकाला तबकडी घालण्याची खांच होती, आणि त्याची किंमत होती ४९,९९० रुपये. दुसऱ्याला खांचच नव्हती, आणि त्याची किंमत होती ३९,९९० रुपये. पुढें किंमती बदलल्या, यंत्राचा आकारहि बदलला. पण खांच असणें आणि खांच नसणें हा भेद राहिलाच. ताईचें म्हणणें साधें होतें. "दहा हजारांची खांच हवी कशाला? खेळ तर घरबसल्या उतरवून घेतां येतात म्हणे." त्यावर भाचा म्हणाला, "आई, त्या खांचेंतूनच तर दहा हजार परत यायचे आहेत!" शेवटीं उभय पक्षांच्या संमतीनें हा तंटा लवादासाठीं माझ्याकडे आला. मी असले खेळ कधीं खेळलेलों नाहीं, त्यामुळें माझा निःपक्षपातीपणा वादातीत होता! पण लवादानें थोडा अभ्यास करावा, या जुन्या समजुतीनें मी वाचूं लागलों. आणि हळूहळू माझ्या ध्यानांत आलें, कीं हा वाद दहा हजार रुपयांचा नसून 'विकत घेणें' या दोन शब्दांच्या अर्थाचा आहे.

खेळ ही हातांत धरतां येणारी आणि देतां-घेतां येणारी वस्तु झाली, तिला आतां पन्नास वर्षें होत आलीं. १९७६ सालीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनीनें आणि पुढच्याच वर्षीं अटारीनें अशीं यंत्रें विक्रीस काढलीं, कीं त्यांतली एक डबी काढून दुसरी बसविली म्हणजे खेळ बदलावा. १९८३ सालीं जपानच्या निन्टेंडोनें 'फॅमिकॉम' हें आपलें यंत्र आणलें. ही कंपनी मुळांत १८८९ सालीं क्योटो शहरांत खेळावयाचे पत्ते तयार करण्यासाठीं निघालेली. तेव्हां हातोहात फिरणाऱ्या खेळांचा वारसा तिला जन्मतःच होता म्हणावयाचा. या फॅमिकॉमच्या नकला १९९० नंतर आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. ज्या वाचकांचीं मुलें त्या काळांत वाढलीं, त्यांना त्या पिवळ्या डब्या आठवतील. मुलें त्यांना 'कॅसेट' म्हणत, आणि जुनी कॅसेट व वर दहा-वीस रुपये देऊन गल्लींतल्या दुकानांतून दुसरी घेऊन येत. या देवघेवीला कोणाची परवानगी लागत नसे. कारण जें आपलें आहे तें दुसऱ्याला देण्याला परवानगी कसली?

इतकी साधी गोष्टसुद्धां न्यायालयांना सांगावी लागली आहे. अमेरिकेंत एका प्रकाशकानें 'द कास्टअवे' नांवाच्या कादंबरींत छापून टाकलें होतें, कीं ही प्रत एका डॉलरपेक्षां कमी किंमतीस विकल्यास तो ग्रंथहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानानें ती ८९ सेंटांना विकली. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९०८ सालीं निकाल लागला, कीं एकदां प्रत विकली म्हणजे पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अंमल चालत नाहीं. जपानांतहि खेळांच्या कंपन्यांनीं जुन्या मालाच्या दुकानदारांना कोर्टांत खेंचलें होतें. खेळ हा चित्रपटासारखा आहे, म्हणून त्याच्या फेरविक्रीवर आमचा ताबा असावा, असें त्यांचें म्हणणें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००२ च्या एप्रिलांत चित्रपटाची उपमा मान्य केली; पण पहिल्या रीतसर विक्रीबरोबर तो ताबा संपतो, असा निवाडा देऊन दुकानदारांना मोकळें केलें.

मात्र लवादानें दुसऱ्या बाजूचेंहि ऐकून घेतलें पाहिजे. एका मोठ्या खेळामागें शेंकडों माणसें वर्षानुवर्षें राबतात. तबकडी दहा हातांतून फिरली तर दुकानदाराला दहा वेळां नफा होतो. पण ज्यांनीं तो खेळ घडविला, त्यांच्या पदरांत पहिल्या विक्रीनंतर कांहींहि पडत नाहीं. शिवाय पुस्तकाचीं पानें दुमडतात, पिवळीं पडतात. तबकडीवरचा खेळ दहाव्या मालकालाहि पहिल्याइतकाच ताजा मिळतो. ही तक्रार खोटी नाहीं. पण तिचें निदान अर्धें उत्तर भाच्याच्या हिशेबांत सांपडतें. जुना खेळ विकून आलेले पैसे तो नव्या खेळांतच घालतो. जुन्या बाजारांत येणारी किंमत ही पुष्कळदां नव्या बाजारांत पाऊल टाकण्याची हिंमत असते.

या प्रश्नावरची खरी लढाई २०१३ सालीं झाली, आणि ती मोठी मौजेची आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्या वर्षीं 'एक्सबॉक्स वन' या आपल्या नव्या यंत्राची घोषणा केली, आणि त्याबरोबर नियमहि सांगितले. यंत्र चोवीस तासांतून एकदां तरी इंटरनेटला जोडलें पाहिजे; खेळ मित्राला द्यावयाचा असेल, तर तो मित्र निदान तीस दिवस आपल्या यादींत असला पाहिजे; आणि असा खेळ एकदांच देतां येईल! मैत्रीला महिनाभराची मुदत घालणारा हा नियम पाहून गिऱ्हाइकें खवळलीं. १० जून रोजीं सोनी कंपनीनें जाहीर केलें, कीं आमच्या यंत्रावर असलीं बंधनें असणार नाहींत. जोडीला तिनें वीस-बावीस सेकंदांचें एक चित्रहि प्रसिद्ध केलें. मित्राला खेळ कसा द्यावा याची ती शिकवणी होती, आणि तींत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातांत तबकडी ठेवतो, एवढेंच होतें! लगेच १९ जून रोजीं मायक्रोसॉफ्टनें आपले नियम मागें घेतले.

वाचकांना वाटेल, जुन्या बाजाराचा जय झाला. मलाहि क्षणभर तसें वाटलें. पण २०२० च्या नोव्हेंबरांत याच दोन्ही कंपन्यांनीं बिनखांचेचीं यंत्रें बाजारांत आणलीं, आणि तीं लोकांनीं आपण होऊन, स्वस्त पडतात म्हणून, घरीं नेलीं. सात वर्षांपूर्वीं हुकुमानें जें साधलें नव्हतें, तें सोयीनें साधलें. खांच नसलेल्या यंत्राला एकच दुकान ठाऊक असतें, आणि तें दुकान यंत्र करणाराचेंच असतें. तेथें जुना माल नाहीं, घासाघीस नाहीं, आणि आज घेतलेलें उद्यां दुसऱ्याला देण्याची सोय नाहीं.

या दुकानांत आपण नक्की काय घेतों? कॅलिफोर्निया संस्थानानें याचें उत्तर कायद्यानेंच वदवून घेतलें आहे. १ जानेवारी २०२५ पासून तेथें अशा मालाला 'खरेदी' हा शब्द लावावयाचा असेल, तर गिऱ्हाइकाला मिळतो तो केवळ परवाना आहे, हें स्पष्ट सांगावें लागतें. फ्रान्समध्यें एका ग्राहकसंस्थेनें 'स्टीम' या संगणकावरील खेळांच्या दुकानाच्या चालकांवर दावा लावला होता. २०१९ सालीं पॅरिसच्या न्यायालयानें फेरविक्रीचा हक्क मान्य केला. २०२२ सालीं अपिलांत तो निकाल फिरला, आणि २०२४ सालीं सर्वांत वरच्या न्यायालयानें अपिलाचाच निकाल कायम केला. आणि परवाना म्हटला कीं त्याला देणाऱ्याची मर्जी आली. २००९ च्या जुलैंत अमेझॉन कंपनीनें गिऱ्हाइकांच्या वाचनयंत्रांतून एक पुस्तक परस्पर पुसून टाकलें, आणि पैसे परत केले. तें पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचें '१९८४' असावें, हा योगायोग कोणा विनोदी लेखकाला सुचला असता, तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल दोष दिला असता! निन्टेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचीं दुकानें २०२३ च्या मार्चांत नव्या खरेदीला बंद केलीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका संशोधनसंस्थेनें पाहणी करून सांगितलें, कीं २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत नवे विकत मिळतच नाहींत. म्हणजे ते ज्याला हवे असतील, त्यानें जुन्या बाजाराचीच पायरी चढली पाहिजे.

हें सारें वाचतांना मला आपल्या मराठी राज्यांतल्या जुन्या जमीनपद्धतीची आठवण झाली. गांवांत जमीन कसणारे दोन जातींचे असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. दोघांचाहि नांगर तोच, पाऊस तोच, आणि शेतांत डुलणारें पीकहि तेंच. वाटसरूला दोघांत फरक दिसला नसता. पण मिरासदार आपली जमीन विकूं शके, गहाण ठेवूं शके, मुलांना देऊं शके. उपरी मात्र मुदतीपुरता कसणारा. मुदत सरली आणि पुन्हां कौल मिळाला नाहीं, तर त्यानें बैल सोडून चालूं लागावें. आमचीं मुलें आज ज्या खेळांवर, गाण्यांवर, पुस्तकांवर 'माझें' म्हणून बोट ठेवतात, त्यांत मिरास किती आणि उपरेपण किती, हें त्यांना ठाऊक तरी आहे का? उपरी असणें ही कांहीं शरमेची गोष्ट नव्हे. पण मिराशीचे पैसे मोजून उपरी होणें हा व्यवहार माझ्या बँकवाल्या वडिलांना खासच रुचला नसता.

म्हणून मीं निवाडा खांचेच्या बाजूनें दिला. ताईनें तो शांतपणें ऐकून घेतला, आणि मग म्हणाली, "पण तबकड्या तरी कुठें जन्माला पुरतात?" तिचा प्रश्न रास्त होता. हल्लीं कित्येक तबकड्यांत खेळाचा कांहीं भागच असतो, आणि बाकीचा वरून उतरवून घ्यावा लागतो. २०२५ सालीं निघालेल्या निन्टेंडोच्या 'स्विच २' या यंत्रासाठीं तर अशा डब्या निघाल्या आहेत, कीं त्यांत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. 'द क्रू' नांवाचा मोटार-शर्यतीचा खेळ चालविणारे संगणक ३१ मार्च २०२४ रोजीं बंद झाले, तेव्हां तबकडी जवळ असलेल्यांचाहि खेळ थांबला. खांच ही मिराशीची सनद नव्हे. फार तर सनदेचा एक फाटका तुकडा आहे.

तरी तो तुकडा जपण्याजोगा आहे असें मला वाटतें, तें एका डबीमुळें. दोन वर्षांपूर्वीं भाच्यानें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 'गेम बॉय' यंत्राची पोकेमॉनची एक जुनी डबी आणली. या खेळांत एकाच खेळाडूचा प्रवास सांठवून ठेवतां येतो. डबी लावतांच पडद्यावर आधींच्या मालकाचें नांव आलें, त्यानें मिळविलेले सात बिल्ले आले, आणि त्याचे एकतीस तास आले. बिल्ले एकंदर आठ असतात. नवा खेळ सुरू करून सांठवावा, तर तो सारा प्रवास पुसला जाणार! पैसे मोजून आणलेली वस्तु. पुसण्याचा हक्क भाच्याचा होता. पण तीन दिवस त्यानें त्या डबीला हात लावला नाहीं. चौथ्या दिवशीं त्यानें त्या अनोळखी मुलाचाच प्रवास पुढें चालू केला, त्यानें पाळलेले प्राणी आणि त्यांना हौसेनें ठेवलेलीं नांवें तशींच ठेवलीं, आणि आठवा बिल्ला मिळविला. पडद्यावर नांव मात्र पहिल्याचेंच राहिलें.

त्या डबींत एक लहानशी बॅटरी असते. ती संपेल त्या दिवशीं तो प्रवासहि नाहींसा होईल. मीं हें भाच्याला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मामा, ती डाक लावून बदलतां येते, पण त्या वेळीं आंतलें सारें जातें. म्हणून चालते आहे तोंवर चालूं द्यायची." वस्तु झिजतात, बिघडतात, मरतात. तें दुःख माणसाला जुनें आहे आणि सोसवतें. पण मरण निराळें आणि बेदखली निराळी, एवढें तरी त्या मुलाला कळलें आहे. आणि माझ्या लवादाची फी मला त्यांत पुरेपूर मिळाली.