खिडकीची पट्टी

वर्ध्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळू लागला म्हणजे जुन्या घरांच्या जाड भिंतींचे मोल कळते. माझ्या सासऱ्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बांधलेल्या आमच्या घराच्या भिंती चांगल्या दीड फूट रुंदीच्या असल्यामुळे प्रत्येक खिडकीच्या आतल्या अंगास एक प्रशस्त सपाट जागा आपोआप निर्माण झालेली आहे. आणि पंचांग, चष्म्याचे घर, लोणच्याच्या बरण्या, परीक्षेच्या दिवसांतील मुले व दुपारी वाऱ्याची झुळूक शोधणारी वडीलधारी मंडळी यांची त्या जागेवर दोन पिढ्यांची अव्याहत वहिवाट आहे. घराची दुरुस्ती काढली तेव्हा छप्पर, वीज आणि न्हाणीघर या मोठ्या खर्चाच्या बाबी विनातक्रार मंजूर झाल्या. परंतु खिडकीतल्या या पट्टीवर काय बसवावे, आणि जे बसवावे त्याचा पृष्ठभाग कसा राखावा, या किरकोळ भासणाऱ्या कलमावर मात्र घरातील प्रत्येकाने आपली स्वतंत्र कैफियत दाखल केली.

मिस्त्रींचे मत ठाम होते. "काकू, ग्रॅनाइट लावा जी, मग पन्नास वर्षं पाहाच लागत नाही," असे ते म्हणाले, आणि नमुन्यादाखल आणलेला काळा, आरशासारखा झळकणारा तुकडा त्यांनी पश्चिमेच्या खिडकीत ठेवून दिला. दिवस एप्रिलचे होते. दुपारी चारच्या सुमारास सासूबाईंनी सवयीने त्यावर हात टेकला आणि तत्क्षणी मागे घेतला. गडद रंगाचा दगड सूर्याची उष्णता शोषून घेतो आणि जाड असला तर ती रात्रीपर्यंत धरून ठेवतो, हे शाळेत शिकलेले शास्त्र घरात रुजू व्हायला एवढा प्रयोग पुरेसा झाला. मला मात्र त्या तुकड्यातील निराळीच गोष्ट चमत्कारिक वाटली. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो दगड विकला जातो, त्यातील बराचसा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेल्या आणि वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीखाली पसरलेल्या आमच्याच बेसॉल्टचा भाऊबंद असतो. तो दक्षिणेतून शेकडो कोस मालमोटारीने आणायचा, आणि विहीर खणताना निघालेल्या त्याच्या आप्ताला बांधावर फेकून द्यायचे, असा हा व्यवहार!

कोटा फरशीचा पर्याय स्वस्त होता आणि तिचा निळसर-हिरवा रंग डोळ्यांना शीतल वाटणारा. परंतु राजस्थानातील ही फरशी काय, आंध्रातील कडप्पा काय, किंवा मुलाने पुण्याहून सुचविलेला शुभ्र संगमरवर काय, तिन्हींचे द्रव्य मूलतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा लोणच्याचा खार सांडला की आम्लाने पृष्ठभाग खाल्ला जातो, तकाकी उडते, आणि तो डाग वस्तुतः डाग नसून झीज असल्यामुळे धुऊन जात नाही. ज्या घरात कैरीच्या दिवसांत खिडक्यांची मालकी बरण्यांकडे जाते, त्या घरात संगमरवर म्हणजे दरवर्षी नव्या तंट्याला आमंत्रण.

याच सुमारास पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला जाण्याचा योग आला. आश्रम आमच्यापासून आठ-नऊ किलोमीटरांवर, म्हणजे जेथे आपण पाहुणे आल्याखेरीज कधीच जात नाही अशा अंतरावर आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहावयास आले (सेवाग्राम हे नाव १९४० मधले), आणि त्यांच्यासाठी बांधावयाच्या निवासाला पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये व साहित्य आसपासचेच असावे ही त्यांची अट प्रसिद्ध आहे. माती, बांबू आणि कवेलू यांनी बनलेल्या आदि निवासात आणि मीराबेनच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या बापू कुटीत मी पूर्वी अनेकवार गेले होते. पण या खेपेस, डोक्यात घोळणाऱ्या विषयामुळे असेल, माझी नजर भिंतींच्या कडांवर आणि सारवलेल्या ओट्यांवरच खिळून राहिली. अत्यंत नाशवंत अशा द्रव्याचा तो पृष्ठभाग आज इतक्या वर्षांनंतरही धडधाकट आहे, याचे कारण त्याच्या अंगच्या टिकाऊपणात सापडत नाही. कोणीतरी नियमाने येऊन, माती कालवून, हाताने त्याची डागडुजी करते, आणि ती डागडुजी कोणाही शहाण्या माणसाला जमेल इतकी सोपी आहे, यात ते सापडते. मिस्त्रींच्या "पाहाच लागत नाही" या आश्वासनाबद्दल मला वाटणारी अस्वस्थता तेथे प्रथम नीट उमगली. ज्याकडे पन्नास वर्षे पाहावे लागत नाही, त्याचा कोपरा एक्कावन्नाव्या वर्षी उडाला की घरच्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही.

परत आल्यावर मी जुन्या पट्ट्यांची फेरतपासणी करविली. हिरव्या तैलरंगाच्या थरांखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. सुतारदादा सरळ घासण्याचे यंत्र लावणार होते. परंतु जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा, आणि घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्याकडे २०१६ सालचे, म्हणून कोरडी धूळ उडू न देता, पृष्ठभाग ओला ठेवून, पत्र्याने खरवडण्याची तजवीज केली आणि खरवड वेगळ्या पिशवीत गोळा केली. काम कंटाळवाणे होते. पण तिसऱ्या थराखालून जे लाकूड प्रकट झाले ते दाट रेषांचे, मधाच्या वर्णाचे सागवान होते. भिंतीत गाडलेल्या बाजूस कोणा दूरदर्शी कारागिराने डांबर फासलेले असल्यामुळे चौकटींचे पाय खाणाऱ्या उधईने त्याला स्पर्शही केला नव्हता.

सुतारदादांचा आग्रह आता पीयू पॉलिशचा होता. काचेसारखा तो थर दिसतो देखणा, हे मान्य. तथापि पश्चिमेच्या उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आरपार जाऊन लाकडाचे वरचे तंतू सैल करतात, थराची पकड सुटते, फटीतून पावसाचे पाणी शिरते, आणि मग सबंध पट्टी पुन्हा खरवडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मी बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, निवडले. त्यात थोडे टर्पेंटाइन मिसळून फडक्याने चोळायचे, लाकूड पिईल तेवढे पिऊ द्यायचे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढायचे, आणि पूर्ण वाळल्यावाचून दुसरा हात द्यायचा नाही. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते; म्हणून तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात बुडवून, मग एकेक पसरून वाळविण्याचा माझा हुकूम सुतारदादांनी हसत हसत पाळला. ज्या जवसाची चटणी आमच्या ताटात रोज असते त्याचेच तेल खिडकीला चोळले जात आहे, याचे सासूबाईंना विशेष समाधान वाटले. पश्चिमेच्या पट्टीला दरवर्षी एक हात द्यावा लागेल, हे मी सर्वांना आधीच बजावून ठेवले आहे. ऊन लागून ती फिकट पडेल, कपाचे गोल उमटतील, आणि फडके व वाटीभर तेल यांनी ते घरच्या घरी मिटतील.

स्वयंपाकघरात मात्र मी मिस्त्रींची शिफारस स्वीकारली. ती खिडकी पूर्वेची, बाहेर कडुनिंबाची सावली, आणि बरण्यांच्या खाराला दाद न देणारा ग्रॅनाइट तेथे सर्वथा रास्त आहे. त्यांनी कड अर्धगोल घासून दिली आणि ग्राहकाला अक्कल आल्याचे समाधान चेहऱ्यावर बाळगले.

उत्तरेच्या खोलीचे प्रकरण तूर्त तहकूब आहे. तेथील जुनी फळी फुटली होती, आणि पाडलेल्या जोत्यातून निघालेला गावचा काळा दगड तेथे बसवावा असे माझ्या मनात आहे. परंतु पाथरवटाने तो ठोकून पाहिला आणि घडणावळीचा जो आकडा सांगितला तो दक्षिणेतून येणाऱ्या पॉलिशदार दगडापेक्षाही अधिक निघाला. मुलगा फोनवर मला हिशेब समजावून सांगतो. सासूबाईंनी तेवढ्यात उघड्या विटांवर एक जुना पाट टाकून त्या जागेचा कब्जा घेतला असून, हे काम दिवाळीपूर्वी सुरू करू नये असे त्यांचे म्हणणे आहे.