गोड रक्तात असतं की चमच्यात?

आमच्या घरात एक वाक्य मोठ्या अभिमानानं बोललं जायचं : "मीठा तो अपने खून में है." अब्बा गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय दस्तरखानावरून उठत नसत. पुढं त्यांना शुगर झाली, पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. भेटायला येणारे तेव्हाही हेच म्हणत, "खानदानी बीमारी है." आणि येताना पेढे आणत.

गेल्या शाबानमध्ये आमची उपाशीपोटीची साखर १२४ निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून उंबऱ्यावर आहात, आत जाऊ नका." त्याच संध्याकाळी धाकटी दुधात तिसरा चमचा साखर घालत होती. आम्ही टोकलं, तर हसून म्हणाली, "मीठा तो अपने खून में है ना!"

त्या रात्री झोप लागली नाही. हे खरंच रक्तात असतं का? शिक्षकाचा पिंड, म्हणून वाचायला बसलो.

काही अंशी असतं. नवजात बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर त्याचा चेहरा खुलतो, कडू ठेवला तर ते तोंड वाकडं करतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आईचं दूधही गोडसर असतं. नवजात बाळाच्या टाळूला चावून मऊ केलेला खजूर लावायचा, ही तहनीकची सुन्नत आपण जाणतोच. (मध मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये, असं डॉक्टर बजावून सांगतात.) उलट मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुकच तिच्यात निकामी झालेलं आहे. ती खिरीत तोंड घालते ते मलईसाठी. माणसामाणसांतही फरक असतो. गोडाच्या आवडीतला काही वाटा आईबापांकडून येतो, असं जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून दिसलं आहे.

पण काही वाटा, सगळा नव्हे. ज्या बाळांना पहिल्या महिन्यांत साखरपाणी पाजलं गेलं, ती पुढंही साखरपाण्याकडे अधिक ओढली गेली. ब्रिटनमध्ये महायुद्धात साखर रेशनवर गेली, ती १९५३च्या सप्टेंबरात खुली झाली. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना रेशनचीच साखर मिळाली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी आढळला, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. रक्त तेच, देश तोच. चमचा तेवढा वेगळा.

मग आम्ही आमच्याच घराकडे पाहिलं. बिस्मिल्लाखानी झाली, मिठाई. पहिला रोजा, मिठाई. पास झाली, पेढे. पडून गुडघा फुटला, तरी चॉकलेट. रडणं थांबवायलाही गोड, शाबासकीलाही गोड. वर्गातही आमच्या कपाटात गोळ्यांची बरणी होती. बरोबर उत्तराला एक गोळी. दहा वर्षं आम्ही मुलीला शिकवत होतो आणि म्हणत होतो, ती जन्मतःच अशी आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावी. आमच्या चहाचेच आठ होत होते.

आम्ही साखर एकदम बंद केली नाही. दर पंधरवड्यानं अर्धा चमचा कमी केला. दोन महिन्यांनी एका लग्नात चहा घेतला, तर घोट उतरेना. हाच चहा आम्ही वर्षानुवर्षं पीत आलो होतो!

ईदच्या शीरखुर्म्यात साखर निम्मी घातली, खजूर वाढवला. धाकटीनं नाक मुरडलं, "फीका है," आणि साखरेचा डबा ओढला. आम्ही गप्प राहिलो. तिनं एक चमचा घातला. तीन नाही, एक.

अब्बांचं रक्त आमच्यात आहे, ते बदलता येणार नाही. पण घरातला डबा आणि चमचा आपल्या हातात आहे. वाचकांनी एकदा आपापल्या घरचे चमचे मोजून पाहावेत.

वर्गातली बरणीही आता रिकामी आहे. बरोबर उत्तर देणाऱ्याचं नाव आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. सुट्टीची घंटा झाली तरी मुलं म्हणतात, "सर, ते पुसू नका."