पपांचा लेथ आणि मराठीतली वही



आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतो, शनिवार तेल्यांच्या घाण्यांवर येतो, मग पलटणीतले सुभेदार, शाळामास्तर, डॉक्टर. मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपांत आणि गिरण्यांत राबलेले आपले फिटर, टर्नर मात्र एका ओळीत आटपतात. आमचे पपा त्यांतलेच. परळच्या वर्कशॉपात टर्नर, पुढे इथे लोदच्या एका कारखान्यात.

निवृत्तीनंतर त्यांनी जुना मायफोर्ड एमएल-७ लेथ घेतला. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ बनलेला, सगळा हिशोब इंचांत. पपा गेल्यावर तो बरीच वर्षं कापडाखाली होता. मोटारीच्या वायरींचं रबर तडकून गळत होतं. भंगारवाला येऊन बघूनही गेला. पण थोरल्या भावाचा मुलगा इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "आत्या, मोटार जळलेली नाही. फक्त वायरिंग गेलंय."

अडचण एवढीच, की पपांनी मोटार सुलट-उलट फिरावी म्हणून स्विच बसवला होता आणि त्याचा नकाशा होता त्यांच्या वहीत, मराठीत. पोराला हिब्रूच वाचता येतं. तेव्हा आम्ही भावंडं चष्मे लावून वही वाचायला बसलो.

एक फेजच्या त्या मोटारीत दोन वाइंडिंग असतात. एक चालू ठेवणारं, दुसरं नुसता सुरुवातीचा धक्का देणारं. धक्क्याच्या वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, की मोटार उलटी फिरते. दोन्ही वाइंडिंगची टोकं उलटी केली, तर काहीच बदलत नाही. पपांनी लिहिलं होतं: "धक्क्याची वायर बदला, चालीची नको." पोराने मीटर लावून कोणतं वाइंडिंग कोणतं ते आधी तपासलं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते, म्हणून तो आधी रेझिस्टर लावून रिकामा केला. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायचं काम आमच्यातल्या नर्सबाईंकडे आलं. वॉर्डात नळ्यांना चिठ्ठ्या लावण्यात जन्म गेल्यावर दुसरं कोण करणार? अर्थिंगची वायरही नवी घातली.

उलट फेऱ्याची एवढी गरज का, तेही वहीत होतं. पपा इंचांत शिकले, आणि या देशात काम मिलिमीटरचं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. म्हणून त्यांनी १२७ दातांचं चक्र मुद्दाम मिळवलं होतं. ते लावलं की इंची लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पडतात. पण मध्येच हाफ नट उघडला, तर टूल पुन्हा त्याच खाचेत आणणं कठीण. म्हणून तो मिटलेलाच ठेवायचा, टूल मागे घ्यायचं आणि मोटार उलटी चालवून कॅरेज परत आणायचं. दर फेरीला तसंच.

शेवटच्या पानावर दोन ओळींखाली लाल रेघ होती. "मोटार पूर्ण थांबल्याशिवाय उलटा स्विच मारू नये." कारण वेगात असताना धक्क्याचं वाइंडिंग तुटलेलं असतं, तेव्हा स्विच उलटा केला तरी मोटार आहे त्याच दिशेने फिरत राहू शकते आणि माणूस फसतो. आणि, "उलट फिरवताना चकवर भरवसा ठेवू नये." या लेथचा चक आट्यांवरच बसतो. उलट्या फेऱ्यात तो सैल होऊन निसटू शकतो. म्हणून परत आणताना वेग कमी, आणि उलट्या दिशेने जड काप घ्यायचाच नाही. पोराला वायरिंग येत होतं, पण लेथवर काम त्याने कधी केलं नव्हतं. ही ओळ आम्ही त्याला दोनदा वाचून दाखवली. मग तिचं हिब्रू करून स्विचच्या वर चिकटवली.

लेथ चालू झाला. पहिला बोल्ट १० मिलिमीटरचा, १.५ मिलिमीटर पिचचे आटे. नट हाताने बसला. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

मंडळी, तुमच्याकडेही अशा वह्या असतील. हिशोबाच्या, मशिनच्या, मिलमधल्या मापांच्या. घर आवरताना मुलं विचारतात, हे काय, टाकू का? टाकण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसून मोठ्याने वाचा. नाव, गाव, कोणत्या खात्यात काम केलं, एवढं तरी पहिल्या पानावर लिहून ठेवा. वाचता येणारी आपली ही शेवटचीच पिढी असेल, तर हे काम आपल्यालाच करायला हवं.