ठोके ऐकणारं घड्याळ

“टेबलावर ठेवलं की बरोबर, हातात घातलं की पुढे जातं.” चावीची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने ही तक्रार ऐकली नाही असं होत नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. घड्याळ टायमिंग मशीनवर लावलं की अर्ध्या मिनिटात रेष सरळ येते, दिवसाला चार सेकंद पुढे, ठोक्यांत खोट नाही, झोकाही भरपूर. आपण समाधानाने परत देतो आणि आठवड्याने तेच घड्याळ तीच तक्रार घेऊन काउंटरवर येतं.

कारण टेबलावर घड्याळ ज्या अवस्थेत असतं, त्या अवस्थेत ते दिवसातून फार थोडा वेळ असतं. डायल वर असताना बॅलन्सची दांडी एका बारीक टोकावर फिरते, घर्षण कमी. घड्याळ उभं झालं की दांडीच्या दोन्ही टोकांच्या कडा रत्नांना घासतात, झोका वीस-तीस अंशांनी उतरतो. बॅलन्सच्या वजनात किंचित असमतोल असला तर तो उभ्या अवस्थेतच बोलतो, चावीचं बटण खाली असताना वेगळं, वर असताना वेगळं. शिवाय चावी दिल्यानंतरचा पहिला तास आणि तिसावा तास यांत स्प्रिंगचा जोर सारखा नसतो. टायमिंग मशीनवर आपण सहा अवस्था तपासू शकतो. मात्र या माणसाचं मनगट कोणत्या अवस्थेत किती वेळ असतं हे मशीन सांगू शकत नाही. मोटरसायकल चालवणाऱ्याचं घड्याळ वेगळं जगतं, फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाचं वेगळं.

मला जे हवं होतं ते एवढंच: घड्याळाच्या आत एक कान. ठोके ऐकणारा, लक्षात ठेवणारा, आणि घड्याळाच्या चालण्यात बोटभरही ढवळाढवळ न करणारा. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण मी आधी घेतलं, घड्याळं नंतर हातात आली. त्यामुळे कान बनवणं मला अवघड वाटत नव्हतं. अवघड होतं त्याला खायला काय घालायचं ते.

चावीच्या घड्याळाच्या श्रीमंतीचा हिशेब एकदा प्रत्येकाने मांडावा. पूर्ण चावी दिलेल्या साध्या मेन स्प्रिंगमध्ये साधारण एक तृतीयांश ज्यूल ऊर्जा मावते. शंभर ग्रॅमचं वजन सुमारे दीड वीत उचलायला लागते तेवढी. त्यावर घड्याळ चाळीस तास चालतं. भागाकार केला की दोन-अडीच मायक्रोवॉट येतात, आणि चाकांच्या दातांत, एस्केपमेंटच्या घर्षणात जाऊन बॅलन्सपर्यंत त्यातले निम्म्याहून कमी पोचतात. सेलच्या घड्याळात आपण जो ६२६ नंबरचा सेल घालतो, त्यात सुमारे दीडशे ज्यूल असतात, म्हणजे चारशेहून अधिक वेळा पूर्ण दिलेली चावी. एखादा लहानसा एलईडी एक मिलिअँपिअरवर लावला तर तो तेवढ्या वेळापुरती संपूर्ण घड्याळाच्या आठशेपट शक्ती खातो. ज्याला चावीच्या यंत्रात वीज घालायची आहे त्याने हे आकडे तोंडपाठ करावेत. मेन स्प्रिंगमधून अर्धा मायक्रोवॉट जरी उसना घेतला, तरी झोका पडतो आणि ज्याची चाल मोजायची तीच चाल आपण बदलून बसतो.

जिनिव्हाच्या उर्वेर्क या छोट्या कंपनीने २०१३ साली ‘ईएमसी’ नावाचं घड्याळ काढलं, तेव्हा त्याची आकृती मी किती वेळ पाहत बसलो होतो. फेलिक्स बाउमगार्टनर घड्याळजी, मार्टिन फ्राय रचनाकार. यंत्र शंभर टक्के चावीचं, दोन बॅरलचं. बॅलन्सच्या एका बाजूला प्रकाश टाकणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो टिपणारा डोळा. बटण दाबलं की तीन सेकंद बॅलन्सचे झोके मोजले जातात, १ कोटी ६० लाख हर्ट्झच्या संदर्भ-स्पंदकाशी ताडले जातात आणि डायलवरचा काटा दाखवतो, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे, उणे वीस ते अधिक वीस. यासाठी लागणारी वीज घड्याळाच्या बाजूची घडीची मूठ उघडून, ती फिरवून तयार करायची. आत मॅक्सोनचा इवलासा जनरेटर, आणि वीज साठवायला सुपरकपॅसिटर. मग मागच्या बाजूचा स्क्रू फिरवून मालकाने स्वतः चाल दुरुस्त करायची. वीज निदान करते, दुरुस्ती माणूस करतो. इलेक्ट्रॉनिक्स संपूर्ण मेलं तरी घड्याळ चालत राहतं. माझ्या मते चावीच्या घड्याळात विजेला प्रवेश द्यायचा तर याच अटीवर.

दुसरी वाट जपानची, आणि तिच्याबद्दल मला फार आदर आहे. योशिकाझू अकाहाने या सेइकोच्या अभियंत्याने १९७७ च्या सुमारास विचार केला की मेन स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या घड्याळाला क्वार्ट्झची शिस्त लावता येईल. बॅलन्स, हेअर स्प्रिंग, पॅलेट सगळं काढून टाकायचं. शेवटच्या चाकाला चुंबक जोडून ते कॉइलजवळ फिरू द्यायचं. त्यातून निघणाऱ्या विजेवरच आयसी आणि क्वार्ट्झ जगवायचे, आणि आयसीने चुंबकीय ब्रेक लावत चाकाचा वेग सेकंदाला बरोबर आठ फेऱ्यांवर धरायचा. अडलं ते पुन्हा ऊर्जेपाशीच. तेव्हाच्या आयसीला लागणारी वीज स्प्रिंग देऊ शकत नव्हती. वीज २५ नॅनोवॉटपर्यंत खाली आणायला दोन दशकं गेली. ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ १९९९ मध्ये बाजारात आलं. ते पाहायला अकाहाने नव्हते. २५ नॅनोवॉट म्हणजे एका मायक्रोवॉटचा चाळिसावा भाग. हा आकडा मी वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. पण त्या घड्याळात वीज गेली तर वेळही जाते, कारण चाकाला धरणारं दुसरं काही नसतं. ते वेगळ्याच जातीचं घड्याळ आहे, आणि तसं म्हणून मी त्याला नमस्कार करतो.

स्प्रिंग ड्राइव्हमध्ये चुंबक निर्धास्त फिरू शकतो, कारण तिथे हेअर स्प्रिंगच नाही. आमच्याकडे आहे. केसाएवढ्या पात्याची ती स्प्रिंग चुंबकाच्या तावडीत सापडली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ तासाला मिनिटं मिनिटं पळतं. मोबाइलच्या चुंबकी कव्हरमुळे असं झालेली घड्याळं हल्ली माझ्याकडे बरीच येतात. डीमॅग्नेटायझरवर ठेवून बटण दाबलं की बरी होतात. मग मीच मशीनपासून चार मिलिमीटरवर चुंबक असलेला जनरेटर कसा बसवू? उर्वेर्कने बॅलन्स चुंबक न लागणाऱ्या अर्कॅप या मिश्रधातूचा केला. माझ्याकडे असतं एचएमटीचं मशीन, ते आहे तसं घ्यायचं.

एचएमटीच घ्यायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या त्या कारखान्याने आपल्या देशाच्या मनगटावर वेळ बांधली. त्यांच्या ‘जनता’ घड्याळाचं मशीन सतरा रत्नांचं, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. साधं, दणकट, उघडायला प्रेमळ. पण आता ते कुणी बनवत नाही, म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: मशीनला भोक पाडायचं नाही, डाग द्यायचा नाही, एकही मूळ स्क्रू बदलायचा नाही. उद्या दुसऱ्या कुणाला ते जसंच्या तसं बाहेर काढता आलं पाहिजे. मोठी केस घेतली की मशीन आणि केस यांच्यामध्ये चारेक मिलिमीटरची रिकामी कड उरते. तिथे एरवी प्लास्टिकची रिंग असते. माझं सगळं काम त्या रिंगमध्ये.

वीज उजेडातून घेतली. डायलच्या भोवती, काचेखाली जी उतरती कड असते, तिच्यावर सौर पट्ट्या. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली असल्या एका चौरस सेंटिमीटर पट्टीतून काही मायक्रोवॉट मिळतात, जवळपास मेन स्प्रिंग यंत्राला देते तेवढेच. दुपारच्या उन्हात त्याच्या शेकडोपट. साठवायला ०.१ फॅरडचा कपॅसिटर. मोठा का नाही, असं शिकाऊ मुलं विचारतात. मोठ्या कपॅसिटरला गळतीही मोठी. खोलीतल्या उजेडाची सगळी कमाई तो एकटाच गिळतो. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळतात, निदान कापून बघायच्या पट्ट्या, वायर, चाचणीचे बोर्ड. नॅनोअँपिअरवर झोपणाऱ्या चिप्स मात्र मागवाव्या लागतात.

कान म्हणजे पिझोची पातळ चकती, रिंगमधून मशीनच्या प्लेटला हलकेच टेकलेली. एक ठोका म्हणजे खरं तर तीन आवाज असतात: रोलरची पिन फोर्कला लागते तो, दात सुटून पॅलेटला ढकलतो तो, आणि पॅलेट दुसऱ्या बाजूला अडतो तो सर्वांत मोठा. पहिल्या आणि तिसऱ्या आवाजामधल्या अंतरावरून झोक्याचे अंश काढता येतात. संदर्भाला ३२,७६८ हर्ट्झचा साधा क्रिस्टल. तो दहा लाखांत वीस भागांनी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांची चूक. वीस-तीस सेकंद इकडेतिकडे होणारं घड्याळ जोखायला तो पुरेसा, आणि मनगटाच्या उबेमुळे त्याचं तापमानही फारसं हलत नाही.

माप सांगायला एकच एलईडी. एक लुकलुक वीस मिलिसेकंदांची, चाळीस मायक्रोज्यूल. रोजच्या रोज दाखवायचीच असं नाही. घड्याळ माझ्या टेबलावर आलं की तो एलईडी भराभर उघडझाप करतो, समोर ठेवलेला प्रकाश-संवेदक ती वाचतो आणि आठवडाभराची नोंद पडद्यावर येते. अवस्था कळण्यासाठी एक अतिशय कमी वीज खाणारा ॲक्सेलरोमीटर मधूनमधून जागा होतो. ब्लूटूथ नाही.

ब्लूटूथवरून एका तरुण गिऱ्हाइकाशी बराच वेळ बोलणं झालं. “काका, एवढं केलंच आहे तर पावलं मोजू दे, फोन आला की थरथरू दे.” मी म्हटलं, “अरे, थरथरवणारी मोटर एका कॉलला जेवढं खाईल तेवढ्यात तुझं घड्याळ तासन् तास चालेल. मग चार्जर लागेल. आणि चार्जर लागला की चावी कशाला द्यायची?” चावीचं यंत्र आणि रिचार्जची बॅटरी एकाच केसमध्ये बसवलेली घड्याळं निघाली आहेत, मेहनतीने बनवलेली आहेत. तरी मला ती पटत नाहीत. चावीच्या घड्याळाचा मालक ते भिंतीला न टोचता आयुष्यभर वापरू शकतो, हेच तर त्याचं मोठेपण. जी वीज मनगट आणि उजेड देतात तेवढ्यात जे बसेल ते करावं. जे बसत नाही ते त्या घड्याळाचं काम नव्हे. बेल्जियमच्या रेसॉन्सच्या ‘ई-क्राउन’ने ही मर्यादा पाळून किती मोठं काम केलं पाहा: हालचालीतून आणि उजेडातून वीज घ्यायची, यंत्राची वेळ तपासायची, थांबलेलं घड्याळ काचेवर टकटक केलं की पुन्हा बरोबर वेळेवर आणायचं. मात्र तिथे वीज काट्यांना हात लावते. माझ्या घड्याळात मी तेवढंही करू देणार नाही.

सर्वांत जास्त झुंजवलं आवाजाने. मनगटावर घड्याळ म्हणजे आवाजांच्या गर्दीत बसलेलं घड्याळ. बाही घासते, कडी वाजते, टेबलावर कोपर आपटतो. हातांच्या हालचालींचे आवाज बहुतेक खालच्या स्वरातले, ठोक्याचा टणत्कार काही हजार हर्ट्झचा, म्हणून खालचं गाळून टाकता येतं. पण कडीचा टणत्कारही वरच्याच स्वरातला. जास्त हुशार चिप घालून आवाज ओळखायचा म्हटलं तर वीज पुरेना. शेवटी ठोक्यांच्या नियमितपणावर विसंबलो. पुढचा ठोका दोनशे मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने, येणार हे माहीत आहे. तेवढ्या क्षणापुरतीच खिडकी उघडायची, बाकी वेळ कान बंद. आवाजही कमी झाला आणि वीजही वाचली. लागोपाठ काही ठोके खिडकीत सापडले नाहीत तर तो तुकडा फेकून द्यायचा. दिवसातले बरेचसे तुकडे फेकले जातात. उरतात तेवढे पुरतात.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हे घड्याळ काही दिवस आनंदाने वापरून दिलं. टेबलावर ते दिवसाला सहा सेकंद पुढे होतं, त्यांच्याकडे वीसच्या वर. नोंद उघडली तेव्हा दिसलं की दिवसभर चाल ठीक आहे. पुढे जातं ते रात्री. त्या झोपताना घड्याळ काढून डबीत उभं ठेवत होत्या, बटण वरच्या बाजूला. त्या अवस्थेत हे यंत्र पळतं, आणि रात्रीपर्यंत सकाळच्या चावीचा जोर ओसरून झोकाही पडलेला, त्यामुळे असमतोल जास्तच बोलत होता. त्यांना सांगितलं, चावी सकाळऐवजी झोपताना द्या आणि घड्याळ डायल वर करून ठेवा. रेग्युलेटरला मी हात लावला नाही. पुढच्या नोंदीत फरक आठ सेकंदांवर आला. बॅलन्सचा असमतोल काढणं बाकी आहे. पावसाळा संपला, हवेतला दमटपणा गेला, की ते मशीन उघडणार आहे. आणि या वेळी कुठल्या बाजूचं वजन किती काढायचं याचा अंदाज टेबलावरून नव्हे, बाईंच्या मनगटावरून घेणार आहे.