सही खरी, पण कशावर?

ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन व्यापाराच्या नेटवर्कवर वायगावच्या हळदीचं दुकान मांडायचं, आणि आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची सही तपासायची, हे काम वर्ध्यात माझ्याकडे आलं. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, एवढं ठाऊक होतं. सहीचं मात्र ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्याच रिक्वेस्टला लायब्ररीनं हात वर केले: डायजेस्ट हेडर सापडला नाही. ऑथरायझेशन हेडरमधली यादी तर सांगत होती की सही क्रिएटेड, एक्स्पायर्स आणि डायजेस्ट या तिघांवर आहे. आलेले सगळे हेडर छापून पाहिले. होस्ट होता, कंटेंट-टाइप होता, डायजेस्टचा पत्ता नाही. जे पाठवलंच नाही, त्यावर सही झाली कशी?

उलगडा कागदपत्रांत झाला. क्रिएटेड आणि एक्स्पायर्स या दोन्ही वेळा ऑथरायझेशनच्या पोटातच असतात. डायजेस्ट इथं येतच नाही. तो आपणच बॉडीवरून ब्लेक2बी-512 नं काढायचा, तिन्ही ओळी जुळवायच्या आणि रजिस्ट्रीतल्या सार्वजनिक किल्लीनं सही ताडायची. बॉडीही आली तशीच घ्यायची. जेसन उलगडून पुन्हा बांधलं आणि एक स्पेस हलली, तरी डायजेस्ट बदलतो.

पण यादीतला एखादा हेडर खरोखरच आला नाही तर? हाती आलेल्या जुन्या कोडमध्ये जावास्क्रिप्ट त्या जागी चक्क ‘अनडिफाइन्ड’ असा शब्द चिकटवून पुढे जात होती. सोबत काम करणाऱ्या दादाला मी विचारलं, "दादा, रिकामं सोडलं तर?"

"नसन तं परत पाठव. आपल्या मनानं काही भरू नोको."

फेब्रुवारी 2024 चं आरएफसी 9421 हेच सांगतं: यादीतलं काही सापडलं नाही तर पडताळणी तिथंच थांबवा. हेडर रिकामा येणं वेगळं. तेव्हा नाव असतं, कोलन असतं, पुढं काही नसतं. तो चालतो.

याहून जास्त घोळात टाकलं ते यादीनं, कारण ती पाठवणारा लिहितो. त्यानं नुसत्या क्रिएटेडवर सही केली तरी गणित बरोबर येतं आणि बॉडीत कुणीही काहीही बदलू शकतं. रक्कम न भरलेल्या चेकवरची सहीसुद्धा खरीच असते. म्हणून आता आधी यादी बघतो. तिन्ही नावं नसली तर किल्ली शोधायलाही जात नाही, सरळ 401.

सर्चची रिक्वेस्ट गेटवेमार्गे येते आणि एक्स-गेटवे-ऑथरायझेशन नावाची दुसरी सही सोबत आणते. तिलाही हाच नियम लावलाय.