पाचटाला काडी कोण लावतं?

जानेवारी-फेब्रुवारीत कोल्हापूर-सांगली पट्ट्यात संध्याकाळी फिरलात तर तोड झालेले फड पेटलेले दिसतील. ऊस हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून मेळाव्यांत मला हमखास ‘पाचट जाळू नका’ हेच भाषण करायला सांगतात. शेतकऱ्याला ते केव्हाच पाठ झालंय.

हिशेबही त्याला ठाऊक असतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट, त्यात ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश. काडी लावली की नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक हवेत. धुरात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही असतात. आयपीसीसीचे गुणांक लावून मांडलं तर हेक्टरी अर्धा-पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका ताप होतो. मग गेलेलं नत्र भरून काढायला युरिया फोकायचा. पाणी तुंबलेल्या सरीत त्यातलाही काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक.

तरी काडी का लागते? रात्रीच्या लाइटीला खोडव्याला पाणी पाजून बघा. पाणी पाचटाखाली शिरतं, कुठं अडलंय ते बॅटरीच्या उजेडात कळत नाही. एक सरी फुटते, शेजारच्या दोन तुंबतात, आणि पाचटात हात घालायचा तर सापाची धास्ती. बुडखे छाटायला माणूस मिळत नाही ते वेगळंच.

यावर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि चांगली आहे. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. पुढचं खत पहारीनं भोक पाडून बुडख्याशेजारी द्या. तण दबतं, पाणी वाचतं, खत मुळाशी पोचतं. कुट्टी करून घेतली तर पाणीही फारसं अडत नाही. पण हे सगळं तोडीनंतर थोड्या दिवसांत उरकावं लागतं, आणि तोडीची तारीख शेतकऱ्याच्या हातात नसते. उद्या कुणाच्या फडात टोळी उतरणार हे कारखान्याच्या शेती खात्याला माहीत असतं. कुट्टीवाल्या ट्रॅक्टरला ते कुणी सांगत नाही.

गंमत बघा. उभा ऊस जाळून आणला तर कारखाना कपात लावतो, कारण साखर उतारा घसरतो. तोडीनंतर पाचट जाळलं तर त्याला काही दुखत नाही. खरं तर दुखायला हवं, कारण पुढचा खोडवा त्याच्याच गव्हाणीत पडायचा असतो. पण एकट्या कारखान्यानं शिस्त लावायची म्हटली तर शेजारचा कारखाना ऊस पळवायला टपलेलाच. म्हणून हे काम साऱ्या साखर धंद्यानं मिळून करायचं आहे.

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात २००२ च्या कायद्यानं ऊस जाळणं बंद करायला यंत्र चालणाऱ्या शेतांना २०२१ आणि न चालणाऱ्यांना २०३१ पर्यंत मुदत दिली होती. २००७ मध्ये राज्य सरकार आणि ‘उनिका’ ही कारखान्यांची संघटना यांनी करार करून ती २०१४ आणि २०१७ वर आणली. तिथं उभा ऊस पेटवत, आणि त्यावरचा तोडगा होता प्रचंड हार्वेस्टर. आपल्या दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत तो फिरायचा कसा? शिवाय त्याच्यापुढं बीडहून येणाऱ्या कोयत्यांचं काय, हेही आधी ठरवावं लागेल. यंत्राची नक्कल नको, करार मात्र घ्यावा.

पैसा कुठून? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांवर टनामागे १० रुपये आकारणी ठरलीच आहे. म्हणजे साऱ्या धंद्यानं मिळून वर्गणी काढायची रीत आपल्याला नवी नाही. तशीच पाचटासाठी काढावी, आणि टोळीमागोमाग कुट्टी यंत्र जावं. कार्बन क्रेडिटचे दलाल हल्ली गावोगाव फिरतात. त्यांच्या भरवशावर मी तरी एक सरी सोडणार नाही.

सुरुवात कारखान्याच्या स्लिपबॉयपासून करता येईल. खोडव्याची नोंद तो करतोच. त्याच वहीत एक रकाना वाढवावा : पाचट ठेवलं की जाळलं. आणि त्या रकान्यावरून पुढच्या हंगामाचा तोडणी क्रम लागावा.